दुपारचे अठरा टक्के

वीज कधी आपोआप कमी होत नाही. ती कोणीतरी नेतो. सव्वीस वर्षं वीज खात्याच्या भरारी पथकात लोकांचे मीटर उघडत फिरलो, त्यातून एवढं तर मला कळतं. त्यामुळे लेकीची गाडी रोज दुपारी अर्धपोटी राहायला लागली, तेव्हा बाकीचे बॅटरीला नावं ठेवत होते आणि मी माणूस शोधत होतो.

गाडी विजेवरची, जुनी, कोणाची तरी वापरलेली घेतलेली. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळची कामं आटपून ती बारा वाजता घरी येते, गाडी पोर्चमध्ये लावते, चार्जरची गन तिच्यात खुपसते, चार घास खाते आणि मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात चालत जाते, कारण तिथे सायकल लावायलाही जागा नाही. चार वाजता परत येऊन गाडी काढते ती पेशंटच्या घरोघरी. चाळीस टक्क्यांवर लावलेली गाडी चार तासांत ऐंशीवर यायला हवी. येत होती बासष्टवर. रोज.

रात्री का लावत नाही, असं जो तो विचारतो. मी लावू देत नाही म्हणून. घरातली माणसं झोपलेली, भिंतीतून एवढा करंट धावतोय आणि बघायला कोणी नाही, हे माझ्या घरात चालायचं नाही. चार्जरचा खटका संध्याकाळीच मी स्वतःच्या हाताने खाली पाडतो.

"बाबा, वायरिंग जुनं असेल," लेक म्हणाली.

वायरिंग मी केलेलं. माझ्या तोंडावर म्हणाली.

"वायरिंगला काही झालेलं नाही. कोणीतरी वीज चोरतंय."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला सगळ्या जगात चोरच दिसतात. मला रोज संध्याकाळी बाहेरच्या चार्जिंगच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं. पेशंट ताटकळतात. मी एक भाड्याची जागा बघितलीय. तिथे खाली प्रत्येकाला स्वतःचा चार्जर आहे, कधीही लावा. मालक रविवारपर्यंत थांबणार आहे."

"म्हणजे तू घर सोडणार?"

"गाडी भरली नाही तर सोडणार. मला भांडायचं नाहीये बाबा, मला कामावर जायचंय."

बायको टेबल पुसत होती.  मी तेव्हा तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की रविवारच्या आत चोर पकडायचा, नाहीतर पोर चालली.

चार्जरच्या पॉइंटला मी आधीपासूनच एक वेगळा छोटा मीटर बसवलाय. सवय. चार तासांत त्यावर बारा युनिट पडायला हवेत, पडत होते साडेसात. आता हे बघितल्यावर माझी खात्रीच पटली. माझ्या उभ्या नोकरीत मीटर कमी पळाला म्हणजे कोणीतरी त्याला हात लावलाय, याशिवाय दुसरं कारण मी पाहिलेलं नाही. मीटरच्या मागून तार काढली की मीटर मंदावतो. आणि आमच्या मीटरच्या मागे भिंत आहे, आणि भिंतीच्या मागे टेलरमास्तर आहेत.

टेलरमास्तर आमचे बावीस वर्षांचे शेजारी. माझे सगळे सदरे त्यांनीच शिवलेत. माणूस तसा गरीब गाय. पण दुपारी त्यांचं मोटरचं मशीन चालतं, आणि मला कान आहेत. सोमवारी मी भिंतीला कान लावून उभा राहिलो, तर मशीनचा आवाज मध्येच जाड व्हायचा, मध्येच बारीक.

"मास्तर, दुपारी तुमच्या मशीनचा आवाज बदलतो," मी त्यांना दारातच गाठलं.

"कापड बदललं की बदलतो, साहेब. जीन्सला वेगळा, झंपराला वेगळा."

तयार उत्तर. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं त्याच्यावर माझा पहिला संशय. तसं काही मी बोललो नाही, नुसतं "बरं" म्हटलं. पण तसं "बरं" म्हणून मी आजवर किती घरं तपासली हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी मानेवरची टेप काढून खिशात घातली.

मंगळवारी मी सील लावलं. लेक जेवून गेल्यावर गन आणि गाडीच्या चार्जिंगच्या झाकणाच्या बिजागरीतून तार ओवली आणि माझी खूण केली: उजवीकडे तीन पीळ, डावीकडे एक, टोक आत दुमडलेलं. खात्यात माझं सील म्हणजे माझं सील. कोणी उघडून पुन्हा पिळलं तर मला लांबून कळायचं. मग नेहमीसारखा आडवा झालो. जेवणानंतर दीड ते साडेतीन मी झोपतो. माझं घोरणं रस्त्यापर्यंत ऐकू जातं असं बायको म्हणते, पण ती काहीही म्हणते.

चारला जाऊन बघितलं. सील शाबूत. तीन पीळ, एक पीळ, टोक आत. गाडी बासष्टवर.

मी पोर्चच्या पायरीवर बसलो. सील शाबूत आणि माल गायब, म्हणजे काम एक तर घरभेद्याचं किंवा हुन्नरी माणसाचं. घरात आम्ही तिघं. तेव्हा हुन्नरी माणूसच. आणि ज्याचा जन्म दोऱ्याला पीळ देण्यात गेला, त्याच्याइतका हुन्नरी या गल्लीत दुसरा कोण?

बुधवारी मी मास्तरांना बोललो. बोललो म्हणजे नको ते बोललो. दुकानात दोन बायका मापं द्यायला आलेल्या, त्यांच्यादेखत मी म्हणालो की भिंत उकरून बघितल्याशिवाय मी राहणार नाही.  मास्तरांनी कात्री खाली ठेवली, मशीनचा प्लग काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या साहेब. आठवडाभर तुमच्याकडेच ठेवा. मी पायाने चालवतो."

स्वतःचाच प्लग जप्त करा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तरी तो मी घेतला, मोटरला जोडणाऱ्या वायरीसकट. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

गुरुवारी भिंतीपलीकडून पायमशीनची खडखड ऐकू येत होती. गाडी बासष्टवर.

आता मात्र माझं डोकं चालेना. लेक गाडी काढून गेली. तिच्या खोलीत कपाटाबाहेर दोन खोकी आलेली मी बघितली. जेवताना बायकोला म्हटलं, "पोरगी चाललीय, तुला काहीच वाटत नाही?"

"जेवा," ती म्हणाली.

शुक्रवारी पुन्हा सील लावलं, पण झोपलो नाही. झोपेचं सोंग घेतलं. डोक्यावर पांघरूण ओढून घोरायला लागलो. खोटं घोरणं फार कष्टाचं काम आहे, घसा सुकतो. दहा-बारा मिनिटांनी स्वयंपाकघरात काहीतरी खुट्ट झालं. मग पोर्चचं दार. मी तसाच उठलो, घोरत घोरत बाथरूमपर्यंत गेलो आणि पोर्चकडच्या खिडकीच्या फटीला डोळा लावला.

बायको.

हातात गाडीची दुसरी किल्ली, माझी छोटी पक्कड आणि सीलच्या तारेचा नवा तुकडा. तिने सीलची तार कापली, गन काढून आकड्याला अडकवली, पुढचं दार उघडलं आणि आत बसली. गन लावलेली असली की ती गाडी सुरू होत नाही, म्हणून काढायची. गाडी सुरू केली, एसी लावला, सीट मागे केली आणि चपला काढून दोन्ही पाय समोर वर ठेवले.

मी तिथेच घोरत घोरत वाट बघत राहिलो. दुसरं कोणीतरी येणार. नाहीतर फोन निघणार.  या वयात काय काय मनात आलं ते सांगत नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कोणी आलं नाही. फोन तर तिने नेलाच नव्हता. ती नुसती बसली होती. एकदा पायाची बोटं हलवली.

शेवटी मी बाहेर गेलो आणि काचेवर टकटक केली. तिने काच चार बोटं खाली केली. आतून गार हवा आली.

"हे काय चाललंय?"

"बसलेय."

"कशासाठी?"

"हे बघा, तुमचं सुरू झालं," ती म्हणाली.

"अगं, पण सील? माझी खूण तुला कशी..."

"लग्नानंतर तीन वर्षं तुमच्या सीलच्या तारा कोण कापून, पिळून देत होतं? उजवीकडे तीन, डावीकडे एक. तुमच्याआधी माझ्या बोटांना ते येतं."

"आणि मीटर?"

"गन काढली की मीटर थांबतो. त्यात काय कळायचंय?"

खरंच, त्यात काय कळायचं होतं. शेंबडं पोरही सांगेल. मीच तेवढा चार दिवस भिंतीला कान लावून फिरत होतो.

"घरात पंखे नाहीत का तुला?" मी म्हटलं.

ती समोर बघत बोलली. आवाज चढला नव्हता. "घरात मी पंखा लावला की तुम्ही विचारता कुठला लावला. फ्रीज उघडला की विचारता काय काढलं. फोन वाजला, कोणाचा. दार वाजलं, कोण आहे. झोपेतसुद्धा विचारता. तुम्ही निवृत्त झाल्यापासून माझी रोज तपासणी चाललीय. इथे काच वर केली की कोणी काही विचारत नाही. तुमचं घोरणं ऐकू येतं तोवर बसते, थांबलं की घरात येते. तेवढा वेळ माझा."

"त्यापायी लेक घर सोडून जातेय, आणि तू..."

"तिला रांगेत उभं राहावं लागतं ते मला कळत नाही? रोज ठरवते, उद्या नाही बसायचं. दुपार झाली की राहवत नाही." मग तिने पाय खाली घेतले. "आणि ती एकटी जात नाहीये. तिथे दोन खोल्या आहेत. तिने मला विचारलंय."

"तू काय म्हणालीस?"

"अजून काही म्हणाले नाही."

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. तोंड उघडलं, तर डोक्यात आलेला प्रत्येक शब्द प्रश्नच होता.  तिने काच वर केली.

शनिवारी सकाळी मी पंचनामा लिहायला बसलो. चोरी सापडली की पंचनामा करायचा आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, ही माझी पद्धत. ठिकाण, वेळ, मीटरवरचे युनिट, सगळं नीट लिहिलं. आरोपीच्या जागी माझं नाव घातलं. 'सदर इसम रोज दुपारी चार्जरची गन काढून गाडीत एसी लावून बसत असे.' मग मास्तरांचा प्लग घेऊन पलीकडे गेलो.

"चुकलो मास्तर," मी म्हणालो. "माफ करा. आणि पंच म्हणून इथे सही करा."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत." चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. "साहेब, दुपारी तुमचं घोरणं मला इथे ऐकू येतं."

"सही करा ना मास्तर."

त्यांनी केली. पण प्लग माझ्या हातातून घेतला तो जरा ओढूनच.

जेवणाच्या टेबलावर तो कागद मी लेकीपुढे ठेवला. तिने वाचला. "तुम्ही? गाडीत बसून करत काय होतात?"

"काही नाही. बसत होतो."

तिने आईकडे बघितलं. बायकोने कागद ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, माझं पेन मागितलं, 'दुपारी दोन वाजता' खोडून वर 'पावणेदोन' केलं आणि दुसऱ्या पंचाच्या जागी सही केली. लेक बराच वेळ दोन्ही सह्यांकडे बघत होती. तिला सगळं कळलं असणार. ती माझीच मुलगी आहे.

"यापुढे गाडी रात्री लावायची," मी म्हणालो. "खटका मी पाडणार नाही. सकाळी भरलेली मिळेल. दुपारी गाडी मोकळी."

"तुम्हाला झोप येईल?" लेकीने विचारलं.

"ते माझं मी बघेन."

"मग त्या मालकाला काय सांगू?"

हे तिने मला नाही, आईला विचारलं. मी ताटातल्या भाताकडे बघत होतो. बायको उठली, भांडी गोळा केली, नळ सोडला. नळाच्या आवाजातून म्हणाली, "महिनाभर थांबतो का विचार. बघू."

मालक महिनाभर थांबायला कबूल झाला. खोकी अजून कपाटाबाहेरच आहेत.

पहिल्या दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांवर झोप होती, म्हणून जेवून आडवा झालो, पण झोप काही येईना. घर शांत होतं. पलीकडे मास्तरांची मोटर चालू होती. बायको स्वयंपाकघरात उभी होती. भांडी केव्हाच घासून झाली होती, तरी ती तिथेच होती, पाऊल हलत नव्हतं. कशासाठी खोळंबलीय ते मला जरा उशिराच कळलं.

मी पांघरूण डोक्यावर घेतलं आणि घोरायला लागलो.

थोड्या वेळाने किल्ली वाजली. मग पोर्चचं दार. 'कोण आहे' अगदी ओठांपर्यंत आलं. मी ते गिळलं, भिंतीकडे कूस वळवली आणि आणखी मोठ्याने घोरत राहिलो, चांगला साडेतीनपर्यंत.