पडेगावच्या देशमुखांची कट्यार

मित्रांनो, मी पडेगावच्या देशमुखांची एक जुनी कट्यार आहे. मला घडवलं शहरातल्या एका शिकलगारानं, पण लढाई मी कधी पाहिली नाही. माझं काम सोयरिकीचं. नवरदेवानं मला म्यानातून उपसायचं, टोकाला लिंबू खोचायचं आणि बोहल्यावर चढायचं. एका लग्नानं शेंद्र्याच्या घराण्याशी चाललेलं विहिरीचं भांडण मिटलं. पुढच्या लग्नानं मानपानाचं नवं सुरू झालं. माणसं विसरली. मी नाही.

पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेली आणि हत्यारं चौकीत जमा करायची दवंडी पिटली. नानासाहेब देशमुखांनी मला जमिनीखालच्या ज्वारीच्या पेवात लपवलं. दोन पावसाळे मी त्या ओलीत काढले.

मग त्यांच्या मुलाची, काकासाहेबाची सोयरीक वेरूळच्या आवडाशी ठरली. जहागीर गेल्यावरही एवढं मोठं घर मिळालं, म्हणून नानासाहेब खूश होते. मुलीचे चुलते कारभारी यांची एकच अट होती: नवरदेवाच्या हाती घराण्याची कट्यार पाहिजे.

भर मांडवात मला आणलं, आणि मागोमाग फौजदार दारात उभा! कोणीतरी चुगली केली होती.

"उपसा, देशमुख," फौजदार म्हणाला. "पातं निघालं की तुम्ही चौकीत."

"अन् नाय निघालं, तर आमची पोरगी माघारी," कारभारी म्हणाले. "पोलिसाला भ्यालेलं घर आम्हाला नगं."

नानासाहेबांनी मूठ धरली. त्यांच्या तळव्याचा घाम मला कळत होता. त्यांनी सगळा जोर लावला. मी हलले नाही. गंजानं मला म्यानाशी जखडलं होतं.

"सोंगं करता व्हय? आणा इकडं!" कारभाऱ्यांनी मला हिसकावलं. पाय रोवून ओढलं; मी निघाले नाहीच, पण तोल जाऊन त्यांनी मागच्या पंगतीत बसकण मारली.

आधी बायका हसल्या.

"ह्याला हत्यार म्हणून जप्त केलं तर साहेब मलाच येड्यात काढतील," म्हणत फौजदारही जेवायला बसला.

नानासाहेबांची मान खाली गेली होती. त्यांच्या पत्नी भागूबाईंनी म्यानाच्याच टोकाला लिंबू खोचलं. "व्याही, तुमचा जोर झाला असंल तर मुलीला आणा. मुहूर्त चाललाय."

 अंगरखा झटकत कारभारी उठले आणि आवडाला घेऊन आले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. मला मात्र कोणी तेल लावलं नाही. दर दसऱ्याला आवडाबाई माझ्या म्यानावर कुंकू लावतात आणि मुलांना बजावतात, "पूजा करा, पण ओढून बघू नका रे. कोण जाणे, निघायची!"