कौसाबाईला काय आवडायचं

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजींनी नाव विचारलं आणि बद्रीनाथला ते सांगता आलं नाही.

पाटावर बसला होता मुलगा, गोकुळ. बद्रीनाथ शेजारी भिंतीला टेकून होता. खरं तर गुरुजींनी गोकुळलाच विचारायचं, पण वडील माणूस समोर आहे म्हणून मान देऊन ते त्याच्याकडं वळले आणि म्हणाले, "बोला, ज्यांचं श्राद्ध त्यांचं नाव?" बद्रीनाथनं तोंड उघडलं. बायकोचा चेहरा त्याला दिसत होता, कपाळावरचं गोंदण दिसत होतं, बांगड्या कोपराकडं सारून पीठ मळायची तिची लकबसुद्धा दिसत होती. नाव तेवढं येईना.

जमलेल्या पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटला. दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. गोकुळ घाईनं म्हणाला, "कौसाबाई," आणि विधी पुढं सरकला. एकट्या प्रेरणाला, म्हणजे सुनेला, ते वेगळं दिसलं. सासऱ्याचा चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. भर बाजारात खिशात हात घातला आणि पाकीट नाही, अशा माणसाचा होता. पंगत उठल्यावर तिनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच विचारलं, "मामा, आत्याबाईंचं नाव आठवलं नाही का?"

"व्हय," एवढंच म्हणून तो पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या ताटातली खीर तशीच राहिली होती, पण त्या दिवशी तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बद्रीनाथचं औरंगपुऱ्यात सीट कव्हरचं दुकान. स्कूटर, मोटारसायकल, काहीही आणा. माप न घेता रेक्झिन कापणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. दुकानात भागीदार फारूख. एक कापणार, दुसरा शिवणार, असं दोघांचं सगळं आयुष्य गेलं. प्रेरणानं दुसऱ्या दिवशी फारूखला फोन लावला. तो आधी आडवळणानं बोलला, मग म्हणाला, "बेटी, काय सांगू. हाथ चलता है, दिमाग नै चलता. परवा ॲक्टिवाचं कव्हर स्प्लेंडरला कापलं. मी गुपचूप दुसरं कापून शिवलं. उसको बोलना मत."

मग डॉक्टरीणबाईंकडं नेणं आलं. बद्रीनाथ यायला तयार नव्हता. डोक्याची तपासणी म्हणजे आता आपलं संपलं, अशी त्याची समजूत. मरायची भीती त्याला नव्हती. भीती वेगळीच होती, आणि ती त्यानं रिक्षात बसल्यावर गोकुळला सांगितली. आज नाव गेलं, उद्या चेहरा जाईल. मग ती कुठं राहणार? घरात तिचं असं आता दुसरं काही उरलं नव्हतं. होतं ते त्याच्या डोक्यात होतं.

डॉक्टरीणबाईंनी खूप प्रश्न विचारले. पायाला मुंग्या येतात का? येतात. पित्ताची गोळी किती वर्षं घेता? बरीच. दूध, दही, अंडी खाता का? यावर बद्रीनाथ म्हणाला, "घरात सगळं असतं." ते काही खोटं नव्हतं. घरात सगळं होतंच.

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-बारा जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं. बाईंनी समजावून सांगितलं की हे दूध-दह्यातून, अंड्या-मटणातून मिळतं, भाजी-भाकरीत ते नसतं. त्यात वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेतली तर खाल्लेलंही अंगी लागत नाही. नसांना आणि आठवणीला, दोन्हींना ते लागतं. गोळी त्यांनी बदलून दिली, इंजेक्शनं लिहून दिली. पण उगाच आशाही लावली नाही. सगळाच विसराळूपणा यानं होतो असं नाही, म्हणाल्या. तुमचं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, पण हे भरून काढल्याशिवाय कळणारही नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या. पण वजन काही वाढेना, चेहऱ्यावर तेज येईना. पुढच्या खेपेला बाईंनी धंद्याचं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा, इंजेक्शन म्हणजे गाडी ढकलून स्टार्ट करणं झालं. रोजचं पेट्रोल ताटातून गेलं पाहिजे. नीट खात नाही तुम्ही."

प्रेरणाला याचं नवल वाटलं. सकाळी ग्लासभर दूध ती स्वतः त्याच्या हातात देत होती आणि ग्लास रिकामा परत येत होता. दुपारच्या डब्यात दही होतं, डबाही रिकामा येत होता. मग ते जातं कुठं? उत्तर चार दिवसांनी मागच्या दारात सापडलं. गल्लीतली मांजर, जी मागच्या उन्हाळ्यात काडीसारखी होती, ती आता उशीसारखी झाली होती. शेजारीण तर म्हणाली होती की पिल्लं होणार म्हणून. सकाळी प्रेरणानं दाराआडून पाहिलं, तर बद्रीनाथ उकिडवा बसून मांजरीच्या थाळीत दूध ओतत होता आणि तिला घाई करायला सांगत होता.

रविवारी तिनं फारूखलाही घरी बोलावलं. दुकानात डब्यातलं दही कोण खातं, असं विचारल्यावर फारूख गोरामोरा झाला. आपण घरी भरपूर खाऊन येतो असं बद्रीनाथनं त्याला सांगितलं होतं, म्हणून वर्षभर तोच ते खात होता. बद्रीनाथ दुकानात फक्त कोरा चहा प्यायचा. घरच्यांना वाटे दुकानात खातो, दुकानाला वाटे घरी खातो.

मग बद्रीनाथनं सांगून टाकलं. गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी सोडायची त्यांच्याकडं रीत. तेराव्यानंतर पैठणला गंगेत, म्हणजे गोदावरीत, उभं राहून त्यानं कौसाबाईच्या नावानं दही सोडलं होतं, कारण दही तिच्या आवडीचं. परत येताना एसटीत त्याच्या मनात आलं, दही सोडलं आणि दूध ठेवलं, ही तर चलाखी झाली. म्हणून दूध सोडलं. मग ताक, तूप. रविवारचा अंड्यांचा रस्सा तिच्याच हातचा खायचा, म्हणून अंडीही सोडली. सोडलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून बोलला नाही. आणि आता तो ते परत धरणार नव्हता. तिच्यासाठी म्हणून त्याच्याकडं करण्यासारखं एवढंच राहिलं होतं.

गोकुळ चिडला. आईसाठी आईलाच विसरायचं, हे कुठलं शहाणपण, असं तो म्हणाला. बद्रीनाथनं मान खाली घातली, पण मान्य केलं नाही.  प्रेरणानं करमाडला मावशीला, म्हणजे कौसाबाईच्या धाकट्या बहिणीला, दगडाबाईला फोन लावला.

दगडाबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. घरची म्हैस व्यालेली, म्हणून चिकाचा डबा मांडीवर धरून आली. आल्या आल्या तिनं चूल ताब्यात घेतली, चिकात दूध, गूळ आणि वेलची घालून खरवस वाफेला लावला आणि मग पदर खोचून बद्रीनाथसमोर बसली.

"दाजी, अक्काला दही आवडायचं हे तुम्हाला कोनी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? रोज रात्री विरजण लावायची. सकाळी उठल्यावर आधी दह्यात बोट घालून चाखायची."

"चाखायची ते लागलं का बगायला. आंबट वस्तू तोंडात धरायची नाय ती. लहानपणी तिच्या वाट्याचं दही मीच खाल्लंय, म्हणून अशी झाले." दगडाबाईनं स्वतःच्या दंडाकडं हात केला. "लग्नानंतर पहिल्या सणाला तुम्ही आमच्याकडं दही वाटीभर चाटून खाल्लं. तवापासून ती लावत होती. तुमच्यासाठी, दाजी."

 एवढा संसार झाला आणि बायकोच्या ताटात दही कधी पाहिलं होतं, ते बद्रीनाथला आठवेना. विसरला म्हणून नव्हे. ते तिच्या ताटात कधी नव्हतंच.

"मग तिला आवडायचं काय?" त्यानं विचारलं.

दगडाबाईला हसू आवरेना. "कोरा चहा. गुळाचा. बापाची नजर चुकवून प्यायची. तुमच्याकडं दुधाचा चहा करायची सगळ्यांना, अन् सगळे पांगले की आपल्यापुरता कोरा टाकायची."

दुकानाला जाता जाता डोकावलेल्या फारूखला आधी समजलं. दुकानात वर्षभर दिवसाला पाच-सहा कप कोरा चहा कोण पीत होतं, हे त्याच्या डोळ्यासमोर आलं आणि तो मांडीवर थाप मारून हसायला लागला. "बद्रीभाई, जो छोडना था वो तू पीता रहा!" मग गोकुळ हसला, प्रेरणा तोंडाला पदर लावून आत पळाली. बद्रीनाथ थोडा वेळ रागात बसला. मग त्याचेही खांदे हलायला लागले. कौसाबाई गेल्यापासून त्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. ती असती तर तिनंही त्याला सोडलं नसतं.

खरवस थंड झाला, वड्या पडल्या. बद्रीनाथच्या पुढं ताटली आली, पण हात जाईना. गंगेत उभं राहून बोललेलं असं घरात बसून मोडायचं कसं? दगडाबाईला ते पटलं. ती म्हणाली, "मग चला. जिथं सोडलं तिथंच परत मागू. अक्काकडून मी बोलते, मी तिची बहीण हाय."

वड्या डब्यात भरून सगळे गोकुळच्या गाडीतून पैठणला गेले. बद्रीनाथ पाण्यात उतरला. दगडाबाईनं काठावरून, बाजारात भाव करावा तशा आवाजात, गंगेला सांगितलं की माणूस चुकला, दूधदही परत द्या, त्याच्या बदल्यात कोरा चहा घ्या. नावानं सोडायचं ते मात्र त्यानंच बोलायचं होतं. नाव आता त्याला येत होतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर एका दुपारी रेक्झिन कापता कापता ते आपसूक मनात आलं होतं. पण चारचौघांत बायकोचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. कान लाल झाले आणि तो म्हणाला, "हिच्या नावानं सोडला."

"ही म्हंजे कोन, दाजी?" काठावरून दगडाबाई.

"गंगेला ठावं हाय," तो म्हणाला आणि वर येऊन खरवसाची वडी त्यानं तोंडात टाकली. मग दुसरी टाकली. चौथीला दगडाबाईनं डबा आपल्याकडं ओढला.

आता तो सकाळी दूध पितो, दुपारी डब्यातलं दही स्वतः खातो आणि फारूख त्यावरून रोज कुरकुर करतो. रविवारी प्रेरणा अंड्यांचा रस्सा करते. इंजेक्शन महिन्यातून एकदा आहे. मांजर पुन्हा बारीक झाली आहे. स्प्लेंडरला स्प्लेंडरचंच कव्हर बसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरंच परत आलं, काही येणार नाही. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी कौसाबाई कशावरून तरी हसली होती. कशावरून, ते त्याला आठवत नाही.

रात्री विरजण आता तोच लावतो. सकाळी बोट घालून चाखतो.

पुढच्या तिथीला पाटाशेजारी बसून, गुरुजींनी विचारल्यावर, सगळ्यांसमोर तिचं नाव त्यानं स्वतः घ्यायचं आहे. ते अजून झालेलं नाही.