हिरीबायची चुकलेली उपासना

एकतीस वर्षं मी मुरबाड डेपोला कंडक्टर होतो. रिटायर झालो, पण माणसं मोजायची आणि घड्याळाकडे बघायची सवय काही सुटली नाही. आमच्या चर्चमधल्या लोकांना तिचा चांगलाच त्रास व्हायचा. नऊ म्हणजे नऊ. नऊला मी दार लावून घेई आणि उशिरा येणाऱ्याला पहिलं गीत संपेपर्यंत ओट्यावर उभं ठेवी. तोंडावर सगळे मला शामभाऊ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला माहीत आहे, इथे सांगत नाही.

या नियमाने कधीच अडकली नाही ती हिरीबाय. डोंगरातल्या वाडीवरून तासभर चालत रस्त्याला यायची, तिथून जीपने मुरबाडला. साडेआठला, मी कुलूप काढायच्या आधी, पायरीवर बसलेली असायची. फडक्यात काहीतरी बांधलेलं असे. कधी कंटोळी, कधी मूठभर मोह, कधी वालाच्या शेंगा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की लांबून वळसा घालून यायची, पण यायचीच. सव्वीस वर्षांत तिचा एक रविवार चुकलेला मी पाहिला नव्हता.

आणि बाई ठार बहिरी! तरुणपणी तापात कान गेले ते गेलेच. गीत ऐकू येत नाही, शास्त्रपाठ ऐकू येत नाही, पाळकसाहेब तळमळून उपदेश करतात त्यातला शब्द नाही. वाचताही येत नाही. वर तिची बसायची तऱ्हा. सगळ्या बाया वेदीकडे तोंड करून बसत, ही पुढच्या भिंतीला पाठ लावून, तोंड लोकांकडे करून बसायची. मला ते मुळीच आवडत नसे.

खरं सांगतो, तेव्हा मला तिचं कौतुक नव्हतं. घरी येताना मी कमळला म्हणायचो, ‘‘हिरीबायला उपदेश म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. कशाला येते एवढी तंगडतोड करत?’’

कमळ, माझी बायको, शांतपणे म्हणायची, ‘‘तुम्हाला ऐकू येतं ना? मग तुम्ही काय दिवे लावलेत?’’



गेल्या पावसाळ्यात कमळचं दुखणं निघालं. तीन महिने कल्याणच्या दवाखान्याच्या खेपा. दर रविवारी सगळी मंडळी उभी राहून तिच्यासाठी प्रार्थना करायची. मी तर गुडघे टेकून केली, आणि माझे गुडघे काही टेकण्याजोगे राहिलेले नाहीत. दिवाळीनंतर महिनाभराने कमळ गेली.

दफन झालं त्याच्या पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो. दार उघडलं, नऊला लावलं. प्रभूच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिलो. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, झोपेतही म्हणता येईल अशी. पण तुझी इच्छा पुरी होवो, असं देवाला म्हणायची जागा आली आणि माझं तोंड मिटलं. त्याची इच्छा काय होती ते मी नुकतंच मातीआड करून आलो होतो. बाकीचे म्हणत पुढे गेले. मी तसाच उभा राहिलो.

घरी आलो आणि स्वतःलाच बजावलं, शाम, जन्मभर तू विनातिकीट माणसाला गाडीतून उतरवलंस. आता जे मनात नाही ते तोंडाने म्हणायचं नाही, आणि म्हणता येत नसेल तर त्या गाडीत बसायचं नाही. चर्चची किल्ली मी पाळकसाहेबांकडे देऊन टाकली आणि जाणं बंद केलं.

मुलगी हर्षाली आसनगावला असते. ती आली आणि मोबाइलवर कुठल्यातरी मोठ्या चर्चची उपासना लावून दिली. ‘‘पप्पा, घरी बसून ऐका. तेवढंच बरं वाटेल.’’ मी ऐकायचो. गाणारे चांगले होते, उपदेश आमच्या पाळकसाहेबांपेक्षा पुष्कळ बरा आणि आखूड. शिवाय मोबाइलची एक मोठी सोय आहे, नको ती ओळ आली की आवाज बंद करता येतो. दर रविवारी त्या ओळीला मी आवाज बंद करायचो आणि मनात वीसपर्यंत मोजून पुन्हा सुरू करायचो.

मंडळीतले लोक पहिले दोन आठवडे येऊन गेले. मग पाळकसाहेब म्हणाले म्हणे, शामभाऊंना थोडा वेळ द्या, दुःख मोठं आहे. माणसं चांगली, त्यांनी वेळ दिला. माझ्यासारख्या तिरसटाला मोकळं सोडताना कोणाला हायसंही वाटलं असेल. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी सकाळी आठला दाराची कडी वाजली. बघतो तर हिरीबाय. फडक्यात वालाच्या शेंगा.

‘‘चल,’’ ती म्हणाली. वाडीवरची ही माणसं कलेक्टरलाही ‘तू’च म्हणतात, आणि कंडक्टरला मास्तर.

मी हाताने नाही म्हणून खूण केली.

‘‘मंग मी पन नाय,’’ असं म्हणून ती आत आली, खाली बसली आणि फडकं सोडून शेंगा सोलायला लागली.

मला वाटलं, बसेल दहा मिनिटं आणि जाईल. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. मी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. तिने वर बघितलं आणि पुढची शेंग उचलली. चर्च माझ्या घरापासून लांब नाही, नऊच्या ठोक्याला घंटा ऐकू आली. तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. तिचे हात थांबले. थोडा वेळ ती दाराकडे बघत राहिली आणि मग पुन्हा सोलू लागली.

माझा पारा चढला. खोटं कशाला बोलू, रागापेक्षा भीती जास्त होती. सव्वीस वर्षं ज्या बाईला ओढ्याचं पाणी अडवू शकलं नाही, तिला मी अडवून बसलो होतो. मी तिच्या पुढ्यात उकिडवा बसलो आणि तिला ओठ दिसावेत म्हणून तोंड मोठं उघडून म्हणालो, ‘‘तुम्ही जा! माझ्यासाठी थांबू नका!’’

‘‘तुजी जागा रिकामी हाय,’’ ती म्हणाली. बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी. ‘‘मला काय आयकू येतं रे मास्तर? तुमी आयकाया जाता, मी मानसां बघाया जाते. रुपाला दिस गेलं ते तिच्या सासूच्या आदी मला कळलं. कोंडूनं दारू सोडली आन परत धरली, दोनी मला दिसलं. आन त्या दिशी तुजं तोंड मिटलं, ते पन मी बघितलं.’’

मला वाटत होतं, ते कोणालाच माहीत नाही. हर्षालीलाही मी बोललो नव्हतो. आणि ही बया भिंतीला पाठ लावून एकेकाचं तोंड वाचत बसली होती, सव्वीस वर्षं.

मग जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. कमळसाठी किती मागितलं ते. ती ओळ तोंडातून निघत नाही ते. देवापुढे उभं राहून खोटं बोलायचं नाही म्हणून जात नाही ते. सांगता सांगता मला रडू आलं. माझे ओठ थरथरत होते, तिला किती कळलं कोण जाणे. पण ती माझ्या तोंडावरची नजर काढत नव्हती.

‘‘माजा जैतू गेला तवा...’’ ती म्हणाली.

जैतू तिचा एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा होता. भाताच्या कापणीत पायाला साप चावला, वाडीवरून रस्त्यापर्यंत आणेस्तोवर संपला होता. मी मातीला गेलो होतो. त्याच्या पुढच्या रविवारी हिरीबाय पायरीवर होती, हेही मला आठवत होतं. तेव्हा मी कमळला म्हणालो होतो, या लोकांचं काळीज घट्ट असतं.

‘‘जैतू गेला तवा तीन पावसाळं मी पन ती ओळ बोलले नाय,’’ हिरीबाय म्हणाली. ‘‘तोंड मिटून उबी ऱ्हायची.’’

‘‘मग यायच्या कशाला?’’ मी विचारलं.

‘‘तुमी बोलत व्हता ना! समद्यांची तोंडां हलायची. तुजं तोंड समद्यांत मोटं. मी तुज्याकडं बघायची आन मनात म्हनायची, झालं, मास्तर माज्या वाटचं बोलला. घरी ऱ्हायली असती तर माज्या वाटचं कोन बोललं असतं?’’

मी मान खाली घातली. त्या तीन वर्षांत ती प्रार्थना मी कशी म्हणत होतो ते मला ठाऊक होतं. घड्याळाकडे बघत, जेवायला घरी काय असेल त्याचा विचार करत, तिकिटं फाडावीत तशी भराभर म्हणत होतो. आणि समोर एक आई माझ्या तोंडाकडे बघून उभी होती. माझ्या त्या पोकळ बडबडीवर तिने तीन वर्षं काढली. मला स्वतःची लाज वाटली आणि तिच्यापुढे वाकावंसं वाटलं. एवढी मोठी बाई इतकी वर्षं माझ्यासमोर होती आणि मी तिची हजेरी तेवढी मोजली.

‘‘सव्वीस वरसांत आयतवार चुकवला नाय,’’ ती सोललेले दाणे फडक्यात बांधत म्हणाली. ‘‘आज चुकला. चुकू दे. पुडच्या आयतवारी पन मी इथंच येऊन बसन.’’

ती बसली असती. मी उठलो, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि चपला शोधू लागलो.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. दार सताड उघडं. माझ्यामागे ते लावायचं कोणाला सुचलं नव्हतं. उपदेश संपत आला होता. पाळकसाहेबांनी आम्हाला पाहिलं, क्षणभर अडखळले आणि पुढे बोलत राहिले. चाळीस माना वळल्या आणि शहाण्यासारख्या पुन्हा सरळ झाल्या. मी पुरुषांच्या बाजूला मागे उभा राहिलो. हिरीबाय सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि आपल्या भिंतीशी जाऊन बसली, तोंड आमच्याकडे करून.

प्रभूच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. मीही राहिलो. ती जागा आली. मी प्रयत्न केला, पण तोंड उघडलं नाही. बाकीचे म्हणत पुढे गेले, शेवटाला पोचले, आमेन झालं. माणसं बसू लागली.

हिरीबाय उभीच होती. आमचं म्हणणं संपलेलं तिला दिसत होतं, पण कान जाण्याआधी पाठ केलेली ती प्रार्थना ती तिच्या चालीने म्हणत होती. सगळीकडे शांतता आणि तिचा एकटीचा सपाट, मोठा आवाज. तिची नजर माझ्यावर होती. ती त्या ओळीवर आली आणि तिने ती म्हटली. मग हाताने छातीवरचा पदर सारखा केला, माझ्याकडे बघून एकदा मान हलवली आणि तीच ओळ पुन्हा, पहिल्यापेक्षाही सावकाश, म्हटली. बसायला निघालेली माणसं तशीच थांबली. ही दुसरी कोणाच्या वाटची, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

त्यानंतर माझा एकही रविवार चुकलेला नाही. ती ओळ मात्र मला अजून म्हणता येत नाही. हिरीबाय ती दर रविवारी दोनदा म्हणते.