पहिला धडा कोणी उघडेना

शहाद्याच्या पुखराजशेठ किराणावाल्यांची नात आयुषी इंजिनिअर झाली, तरी बोली दुकानातलीच, अहिराणी, राहिली. तिनं एक शोधपान बनवलं होतं: गणितातलं अडलेलं लिहा, नेटवरचे व्हिडिओ-धडे समोर हजर. त्याची पहिली कसोटी आज तापीकाठच्या प्रकाशा गावात, सिंधुबाईंच्या ओट्यावर.

सिंधुबाई अंगणवाडीत मदतनीस. चाळिशीत दहावीला बसायची उमेद धरली खरी, पण समीकरणांनी जीव मेटाकुटीला आणला होता. त्यांनी आधीच बजावलं, "आज नही समजनं, ते परीक्षा गई तापीमा!"

बाईंच्या फोनवर शोध झाला. सगळ्यात वरचा धडा आयुषीनं किती पारखून ठेवलेला! अन् बाईंचं बोट सरळ खाली घसरलं. त्यांनी उघडलेल्या धड्यात एक गडी हातवारे करत ओरडला, "दहा सेकंदांत उत्तर!" उत्तर आलं, कसं आलं ते देव जाणे. बाईंचा चेहरा पडला.

"मावशी, चांगला धडा ते वर शे ना!"

"वर शे म्हनीसनच सोडी दिधा! तुन्हा आजा काय करस? जो माल खपत नही, तो पुढे मांडस. मी काय येडी शे?"

आयुषी खो खो हसली. खोटं कुठं होतं? जुनी हळद काउंटरवर, ताजी आतल्या डब्यात, हा तर घरचाच रिवाज! तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला, आणि प्रत्येक धड्याखाली दोन ओळी चढवल्या. पहिल्याखाली उमटलं: "वर का? पुस्तकातलंच उदाहरण, एकही पायरी गाळलेली नाही. खोट: आवाज बारीक, शिकवणं संथ."

बाईंनी भुवया ताणून वाचलं. "खोट बी सांगी ऱ्हायनी? मंग खरं व्हई." आणि पहिला धडा उघडला!

फोन कधी डोळ्यांपुढे, कधी कानाशी धरून त्यांनी तो ऐकला, थांबवला, मागे नेला. मग अंगणवाडीची पाटी ओढली. एक समीकरण दुसऱ्यातून वजा केलं, ओठ हलत होते, खडू कुरकुरत होता. क्ष बरोबर तीन. य बरोबर दोन.

"बरोबर!" आयुषी ओरडलीच. अगं बाई, आनंद मावेना पोरीच्या पोटात!

सिंधुबाईंनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "परीक्षा आजून महिनाभर लांब शे? इतली लांब काबरं ठेवी त्यास्नी?"