एवढा रंग कशाला लावलास, ओमेर?

मित्रांनो, आधी मला उचलून बघा. एक टोक तुम्ही धरा, दुसरं मित्राला धरू द्या. नाही ना हलत? लाजू नका. तुमच्यापेक्षा दणकट माणसांनी माझ्यापुढे हात टेकलेत.

मी नदीतली होडी. हिरवी, म्हातारी, अंगावर कॅनव्हास ताणलेली. सेंट जॉन नदीच्या काठी, बटाटे पिकवणाऱ्या एका गावात, आल्सीद नावाच्या माणसाच्या कोठारात माझा जन्म झाला. त्याने सीडरच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर नरम केल्या, साच्यावर वाकवून माझ्या बरगड्या केल्या, त्यांवर पातळ फळ्या ठोकल्या आणि वरून कॅनव्हास ताणला. मग पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर लेप दिला आणि तो सुकेपर्यंत महिनाभर मला हातसुद्धा लावला नाही. मी तेव्हा इतकी हलकी होते की त्याच्या लेकीने, लिओनीने, मला एकटीने डोक्यावर घेऊन अंगणभर मिरवलं. आल्सीद ओरडला, "अगं ए, खाली ठेव! तुझ्याच लग्नाचा आहेर आहे तो!"

तर असा मी आहेर. लिओनीबरोबर मी ओमेरच्या घरी आले.

आमच्याकडे सप्टेंबरात थोडे दिवस फार सुखाचे असतात. चावऱ्या माश्या मेलेल्या असतात, पाणी नितळ असतं आणि बटाट्याची काढणी लागायची असते. एकदा काढणी लागली की शाळासुद्धा बंद होते, पोरंटोरं शेतात जातात, मग कोणाला कशाची सवड नसते. त्याच्या आधीच्या दिवसांत दरवर्षी आम्ही तिघं नदीवर जायचो. वाटेत धबधबा आहे. तिथे होडी पाण्यातून काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि जंगलातल्या पायवाटेने धबधब्याच्या खाली नेऊन ठेवायची. ओमेर मला घेऊन पुढे चालायचा आणि लिओनी मागून बोचकं घेऊन खिदळत यायची, "बघा बघा, होडीला पाय फुटलेत!" खाली नदीत एक बेट आहे. तिथे तंबू, शेकोटी, कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि काकवी. रस्ता तिथे जात नाही. गेलात तर होडीनेच.

घरी आलो की माझे लाड व्हायचे. दर वसंतात ओमेर ब्रश आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन बसायचा आणि माझ्या अंगावर एक नवा थर चढवायचा. गाव म्हणायचं, होडी सांभाळावी तर ओमेरने. लिओनी चिडवायची, "मला एक झगा घ्यायचा तर तुझ्या जिवावर येतं, आणि हिला दरवर्षी नवा!" तो नुसता हसायचा. बोलण्याच्या बाबतीत माझा ओमेर ठोंब्याच. जे काही मनात असेल ते तो ब्रशने सांगायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? जुना रंग खरवडून मग नवा लावावा, हे मात्र त्याला कधी सुचलं नाही. चांगला रंग खरवडायचा म्हणजे त्याला पाप वाटायचं. मी दरवर्षी थोडी जड होत गेले आणि तो दरवर्षी आपल्या गुडघ्यांना शिव्या देत राहिला.

मग लिओनी आजारी पडली. सलग दोन वर्षं सप्टेंबरात आम्ही पाणी पाहिलं नाही. मी कोठारात आढ्याखाली धूळ खात पडले. रंग मात्र चुकला नाही.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्ट संपता संपता, डॉक्टरांनी सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी लिओनी कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "ओमेर, नदीवर जायचं. ठरवू या."

"तू फक्त पुढे बसायचंस. बाकी सगळं मी बघतो."

"आणि वल्हं?"

"मीच मारतो की."

"जन्मभर हेच म्हणतोयस, आणि जन्मभर मीच मारतेय! बरं, मोठा तंबू नको. तवा घे. चहाची किटली घे, ती काळी. आणि जास्तीचं ब्लँकेट, मला हल्ली थंडी फार वाजते."

"एकच रात्र ना?"

"एकच. घरात रात्रभर ते घड्याळ ऐकू येतं रे. मला तिथे पाणी ऐकत झोपायचंय. मग जे व्हायचं ते होऊ दे."

तीन-चार दुपारी असंच चाललं. पीठ किती, सुकं लाकूड न्यायचं का, लिओनी पायवाटेवर काठी टेकत चालेल की ओमेर तिला मागाहून पाठुंगळी नेईल. दोघं भांडायची, हसायची. मीही मूर्खासारखी खूश होते.

मग एक दिवस ओमेर म्हणाला, जरा खांदा अजमावून बघतो. जावई डॅरेल तिथेच होता. ओमेरने मला गुडघ्यापर्यंत उचललं, मांडीवर घेतलं, आणि मी धाडकन खाली आले. पुन्हा उचललं. पुन्हा आपटले. डॅरेलने माझं एक टोक उचलून पाहिलं. "बाबा, ही होडी आहे की बटाट्याचा ट्रक?" टवका उडाला होता तिथे त्याने नख घातलं. "अहो, नुसता रंगच केवढा जाड झालाय हा!"

"खरवडून टाकू," ओमेर म्हणाला.

"खरवडलं तर खालचा कॅनव्हास फाटणार. कुजलाय तो."

"मग नवा चढवू."

"चढवू, पण लेप सुकायला महिना जातो, बाबा."

कोणी लिओनीकडे बघितलं नाही. महिना कोणाकडे नव्हता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

डॅरेलच म्हणाला, "मी येतो ना. मी तरणा आहे, कसंही करून वाहीन हिला. शनिवारी निघू." ओमेरने आयुष्यात कधी आपली होडी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली नव्हती. त्या दिवशी तो म्हणाला, "येशील? खरंच?" आणि त्याचे डोळे भरून आले.

शुक्रवारी डॅरेल टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. थंडी लवकर येणार होती. गोठवणारा गारठा जमिनीत उतरला असता तर बटाटा शेतातच सडला असता. "काढणी झाली की त्याच दिवशी नेतो, बाबा. शपथ." ओमेर काय बोलणार? त्याचं सगळं आयुष्य त्याच मातीत गेलेलं. त्याच्या वेळी त्यानेही हेच केलं असतं. "जा बाबा, जा," तो म्हणाला.

डॅरेल गेल्यावर लिओनीने माझ्या कुशीवर हात ठेवला. "एवढा रंग कशाला लावलास रे, ओमेर?" ती रागाने बोलली नाही.

"मला दुसरं काय येतं?" तो म्हणाला.

काढणी संपली तेव्हा नदीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरू लागला होता. लिओनी अंथरुणातून उठत नव्हती. तिची खोली रस्त्याच्या बाजूला, तिथून पाणी ऐकू येत नाही. जमीन गोठायच्या आत तिला मूठमाती देता आली, एवढंच त्यातल्या त्यात बरं झालं, असं लोक म्हणाले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्यावर नुसते थर चढवत बसू नका. अधूनमधून खरवडून बघा, खाली काय झालंय ते. दुखेल, चांगला रंग वाया जाईल, पण बघा.

मला हे ओमेरला सांगायचंय. मला तोंड नाही. काल बर्फ वितळला, आज कोठाराचं दार उघडलं. तो माझ्यापाशी गुडघ्यावर बसलाय आणि डब्याचं झाकण उघडतोय. तुमच्यापैकी कोणी त्याचा हात धरा रे.