पंचावन्न टिकल्या

मंजुळाबाईला वांद्र्याला नेलं ते एसी गाडीतून. काय तो थाट! बोरिवलीच्या खाडीपल्याडच्या कोळीवाड्यातल्या अकरा मासेवाल्या, केसांत गजरे, अंगावर ठेवणीतली लुगडी आणि पुढच्या सीटवर एका संशोधन संस्थेचा देवेश. काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर कार्यशाळा होती: 'आपत्ती व्यवस्थापन आणि नागरी सुरक्षा: संशोधनाचे अग्रक्रम'. म्हणजे संकट आलं तर काय करायचं, ते नाही हं! कशाकशाचा अभ्यास करायचा, त्याचा आधी अभ्यास.

मंजुळाबाईला एकच गोष्ट हवी होती. खाडीच्या तोंडाशी भरतीत बुडणारा एक खडक आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा दीर श्यामसुंदर तिन्हीसांजेला परत येताना त्यावर आपटला. होडीच्या फळ्या लगेच मिळाल्या, तो तिसऱ्या दिवशी मिळाला. तेव्हापासून तिच्या मुलानं, रामनाथनं, त्या खडकावर बांबू रोवून सौरदिवा बांधलाय. लाटा तो दर पंधरवड्याला आडवा करतात, रामनाथ पुन्हा उभा करतो. तिला तिथे पक्का, सिमेंटात रोवलेला दिवा हवा होता. पोराची परतीची वाट तीच आहे.

"दिवा ही मागणी झाली, मावशी," देवेश म्हणाला. पोरगा मुलुंडचा, बोलायला गोड. "इथे संशोधनाचा प्रश्न लागतो."

"मग कर ना प्रश्न! शिकलेला हायस ना?"

त्यानं केला. 'खाडीमुखाशी दिवा असल्यास अपघात कमी होतात का?'

"अरे, हे बोंबलालापण ठाव हाय!" मंजुळाबाई पोट धरून हसली. पण प्रश्न भिंतीवर लागला.

मग मतदान. भिंतीवर वीस प्रश्न, आणि प्रत्येकाच्या हातात चिकटवायला पाच पाच लाल टिकल्या. डॉक्टरेट मिळवलेली मंडळी हनुवटीला हात लावून फिरत होती. एक टिकली ड्रोनला, एक कृत्रिम बुद्धिमत्तेला, दोन 'सामुदायिक लवचीकते'ला, ती काय भानगड असेल ती असो. मंजुळाबाईनं आपल्या बायकांना कोपऱ्यात घेतलं. "इथं तिथं लावत बसू नका गो. सगळ्या दिव्यावर." अकरा बायका, पंचावन्न टिकल्या. तिच्या जावेनं, श्यामसुंदरच्या शेवंतीनं, तर एकेक टिकली अंगठ्यानं दाबून दाबून बसवली. दिवा पहिला आला! संचालिका विनिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या, समोशांबरोबर फोटो निघाले आणि त्या संध्याकाळी कोळीवाड्यात पेढे वाटले गेले.

आठ महिन्यांनी देवेश आला, भर दुपारी, हातात संमतीपत्र घेऊन. धक्क्यावर रामनाथनं हात देऊन त्याला होडीतून उतरवलं. मंजुळाबाईच्या ओट्यावर बायका जमल्या.

"मावशी, अभिनंदन. प्रकल्प मंजूर झाला. तीन वर्षं, दोन कोळीवाडे. एकाला दिवा देणार, दुसऱ्याला नाही. मग तुलना करणार."

"आमचा कुठला?"

"दुसरा." त्यानं पाणी मागितलं. "आणि तो बांबूवरचा दिवा काढावा लागेल. नाहीतर तुलना बिघडते."

"तुलना कशाची?"

"अपघातांची."

"कुणाच्या?"

"इथल्या... आणि तिथल्या."

"किती झाले म्हंजे कळेल तुमाला?"

"मॅडम म्हणतात, इथे निदान पाच तरी. त्याहून कमी झाले तर निष्कर्ष ठाम निघत नाही."

मंजुळाबाईचं डोकं असं सणकलं, की हाताशी कोयता नव्हता तेच बरं. देवेशला ते दिसलं असावं, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "पण पहिला क्रमांक तुम्हीच दिलात ना, मावशी."

हे मात्र तिला लागलं. खरंच होतं ते. बायकांना कोपऱ्यात घेऊन 'सगळ्या दिव्यावर' म्हणणारी तीच होती, कुणी तिचा हात धरून टिकल्या लावल्या नव्हत्या. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की शेवंतीकडे बघवेना.

"बरं," ती म्हणाली. "सही मागनं करते. आधी पाच नावं लिही. उगा गोंधळ नको, कुणाकुणाचे अपघात ते आत्ताच ठरवू. लिही पयलं. रामनाथ. वय सव्वीस."

"मावशी, असं नसतं..."

"लिही रे!"

त्यानं 'रा' लिहिला आणि पेन तिथंच राहिलं. खाली धक्क्यावर रामनाथ जाळं झाडत शिट्टी वाजवत होता.

तेवढ्यात शेवंती पुढं सरकली. ती कधी चारचौघांत बोलत नाही. अगदी हळू, सरळ मनानं तिनं विचारलं, "माझा धरता येईल का रे बाबा? तो तर गेलेलाच हाय. तेवढाच एक कमी लागंल."

"नाही हो," देवेश म्हणाला, "ते अभ्यास सुरू व्हायच्या आधीचे आहेत."

तोंडातून गेलं, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. कानापर्यंत लाल झाला. कुणी त्याला शिवी दिली नाही, दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. संमतीपत्राची घडी घालताना ती काही नीट पडेना. सही झाली नाहीच.

मंजुळाबाई उठली.

"ऊठ, पोरा. भरती चढतेय," ती म्हणाली. "रामनाथ सोडेल तुला पलीकडं."