चौदा मंगळवार

कोरीन अनरूने तो कागद जेवणाच्या टेबलावर उलटा ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला. जाड, गुळगुळीत कागद. त्यावर एका रिकाम्या खुर्चीचं चित्र, खाली लाल अक्षरं : ‘गेलन श्राग कुठे होते? चौदा बैठका. चौदा वेळा गैरहजर.’ अगदी तळाशी मुंगीएवढ्या टायपात कुठल्याशा ‘सजग प्रेअरी नागरिक’ मंचाचं नाव.

कॅन्ससच्या विधानसभेसाठी पक्षाचा उमेदवार ठरायला बारा दिवस उरले होते. त्या भागात पक्षाचं तिकीट मिळालं, की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच. तिकीट मागणारे दोघंच. एक कोरीन, शाळेत एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मेमध्ये निवृत्त झालेली. दुसरा तिचा शेजारी गेलन, भूजल मंडळाचा सभासद. एकमेकांविरुद्ध वाकडा शब्द काढायचा नाही, असं दोघांनी मार्चमध्ये कुंपणापाशी हात मिळवून ठरवलं होतं.

आकडा मात्र बरोबर होता. मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी भरे. दीड वर्षात अठरा बैठका झाल्या होत्या. त्याच दीड वर्षात कोरीनच्या नवऱ्याला, ड्वाइटला, आठवड्यातून तीनदा साठ मैलांवर डायलिसिसला न्यावं लागत होतं. गुरुवारी चर्चमधलं कुणी नेई, शनिवारी ती स्वतः. मंगळवार गेलनने उचलला होता. अठरापैकी चार बैठका शाळेच्या सुट्टीत आल्या, तेव्हा ड्वाइटला कोरीनने नेलं, म्हणून त्याला गाठता आल्या. आणि शेवटच्या दोन गैरहजेऱ्या तर जून-जुलैमधल्या. तेव्हा ती घरीच होती, पण गेलन म्हणाला होता, “तू प्रचाराला जा. दारोदार फिरल्याशिवाय मतं मिळत नाहीत. याला मी नेतो.”

“बाई, त्या मंचाला फोन करायचा नाही,” मॅरलिसने बजावलं. मॅरलिस तिची जुनी विद्यार्थिनी, प्रचाराचं सगळं तीच बघत होती. “बाहेरच्या मंचाशी उमेदवार बोलला, की ते संगनमत ठरतं.”

“अगं, मदत करा म्हणायला नव्हे. थांबवा म्हणायला!”

“मी वकिलाला विचारलं. म्हणाला, थांबवा म्हणायलासुद्धा नको.”

“आहेत कोण हे लोक?”

“तुमचे पाठीराखे,” मॅरलिस म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

“मग मी नावच मागे घेते.”

“मुदत जूनमध्ये संपली, बाई. मतपत्रिका छापून झाल्या.”

खिडकीपाशी बसलेल्या ड्वाइटने चष्मा काढून पुसला. आपलं दुखणं गावभर होऊ नये म्हणून तो शेजारच्या गावातून औषधं आणवायचा. तो म्हणाला, “सांगून टाक सगळ्यांना. मला कसली लाज आता.”

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये ॲपल-पायचं गावजेवण होतं. साठेक माणसं जमली होती. कोरीन उभी राहिली आणि शाळेत बोलायची तशी, मोजून बोलली, “हो, गेलन त्या चौदा बैठकांना हजर नव्हता. कारण त्या दिवशी तो माझ्या नवऱ्याला डायलिसिसला नेत होता.” गेलन हातातल्या ॲपल-पायच्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, “ड्वाइटला कशाला उघड्यावर आणलंस?”

सोमवारी वाणसामानाच्या दुकानातल्या आर्डिथने पिशवी भरता भरता डोळा मारला. “छान झोडलंस हो त्याला! आणि तेसुद्धा गोड बोलून.”

“मी त्याची बाजू घेत होते, आर्डिथ.”

“तेच तर म्हणते मी! माझ्या नवऱ्याला बैठकांचं ठाऊकच नव्हतं. तू बोललीस आणि कळलं.”

गुरुवारी दुसरा कागद आला. तीच रिकामी खुर्ची. या वेळी बाजूला कोरीनचा हसरा फोटो आणि अवतरणचिन्हांत तिचं वाक्य : ‘हो, गेलन त्या चौदा बैठकांना हजर नव्हता.’ पूर्णविराम तिचाच होता. पुढचं वाक्य तेवढं नव्हतं. खाली छापलं होतं, ‘शेजारणीलाही हे नाकारता येत नाही.’ कागद चार हजार घरांत गेला. शेडमध्ये होती साठ माणसं.

मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, पहाटे साडेपाचला गेलनचा ट्रक दारात उभा राहिला. ड्वाइट चढला. ट्रक वळून गेल्यावर कोरीन मतदान केंद्रावर गेली आणि गेलनच्या नावापुढचा गोल काळजीपूर्वक काळा केला. तिचं मत धरूनही तो एकशे बारा मतांनी हरला.

दुसऱ्या दिवशी मॅरलिस केक घेऊन आली. तो तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी कोरीन कॉफीचा थर्मास घेऊन अंगणातच थांबली. काय बोलायचं ते तिने रात्रभर जुळवलं होतं. गेलनने काच खाली केली.

“जानेवारीपासून तू राजधानीत, टोपेकाला राहणार ना? अधिवेशन चार महिने चालतं म्हणतात.”

“हो. गेलन, मला...”

“मग गुरुवारही मीच घेतो. चर्चवाल्यांना सांग.”

“आणि तुझं मंडळ?”

“काल राजीनामा दिला.” त्याने थर्मास घेऊन दोन सीटांच्या मधे नीट बसवला. “अध्यक्ष म्हणाले, लोक विचारतायत. खुर्ची किती दिवस रिकामी ठेवायची? बरोबरच आहे त्यांचं. आता मंगळवारी मी मोकळाच.”

“ऐकलंस?” आत बसलेला ड्वाइट म्हणाला. “सरकारी माणूस गेला, आता मला पूर्णवेळ ड्रायव्हर मिळाला.” गेलन हसला. कोरीनला हसता आलं नाही.

तिने ट्रकच्या दाराला हात लावला.

“पुलाजवळ हरणं असतात,” ती म्हणाली. “सावकाश ने.”

“नेतो की,” गेलन म्हणाला, आणि तिने हात काढण्याची वाट बघत थांबला.